बासष्टवर मेलेलं खोकं

१५ फेब्रुवारी १९९९, सोमवार

दाजींनी शपथ घातली हुती. "कानिफ, खोलीतल्या समद्याला हात लाव, पन त्या डिजिटल रिशिव्हरला लावलास तर सुप्याला एमआयडीसीत पाठवीन, पत्रं वाकवायला."

आज लावला. एक न्हाई, दोन्ही हात लावले.

मच्छिंद्रदाजी म्हंजी जयमालाआक्काचा नवरा. गावातली केबल त्यांची. बारावीला दोनदा गचकल्यापास्नं मी त्यांच्याकडंच ऱ्हातो अन् केबल बघतो. वायरी जोडायच्या, लोकांच्या शिव्या खायच्या, कंट्रोल रूममधी बसायचं. कंट्रोल रूम म्हंजी आक्काची कांद्याची खोली. कांदं काढलं अन् खोकी ठिवली, वास तसाच हाय. त्यात ते नवं डिजिटल खोकं समद्यात म्हागाचं. सिनेमाचं च्यानल अन् सासू-सुनांचं च्यानल त्याच्यावरच चालतं. संक्रांतीपास्नं सिनेमाचं काळं पडलंय. कंपनीनं वर कायतरी बदललं म्हनं, आता खोक्यात नवीन सॉफ्टवेअर घालावं लागतं. नगरचा मानूस पुढल्या म्हयन्यात येनार, तवर कुनी हात लावायचा न्हाई — असं दाजींचं म्हननं.

पन योगेश माझा दोस्त. श्रीरामपूरला डिश-रिशिव्हरच्या दुकानात कामाला हाय. त्यो म्हनला, "आमच्याकडं सेम खोकं हाय, नव्या सॉफ्टवेअरचं. दोघांत वायर लावायची, ह्याच्या डोक्यातलं त्याच्या डोक्यात जातं. वीस मिनिटांचं काम." तेवढ्यावर मी थांबलो असतो. पन त्यो पुढं म्हनला, "खोकं चालू करताना पयलं जे चित्र दिसतं ना, तिथं आपलं चित्र घालता येतं."

मी म्हनलं, गाढव घाल. गाढव, अन् खाली 'मच्छिंद्र केबल आपले स्वागत करीत आहे'. रोज सकाळी, सव्वाशे घरांत.

दाजी पहाटं मुंबईला गेलं, सामान आनायला. शनवारी येनार. योगेश दहाच्या गाडीनं आला. पिशवीत खोकं, वर मेथीची जुडी, कुनाला संशय नको म्हनून. वायर लावली. दोन्ही खोक्यांच्या तोंडावर आकडा चढाय लागला.

योगेश म्हनला, "शंभर होईस्तोवर लाईट जाता कामा नये. मधीच गेली तर हे ना जुनं ऱ्हानार ना नवं."

मी म्हनलं, "आज दिवसा लोडशेडिंग न्हाई. बघून ठिवलंय समदं."

४०. ५५. ६०. ६२ ला आक्का पळत आली, "आरं कानिफ, भिमाजी तात्या गेलं," अन् भितीवरचा मेन स्विच खाडकन खाली वढला.

तिची चूक न्हाई. आमच्यात पद्धतच हाय. गावात कुनाचं झालं की माती होईस्तोवर केबल बंद. एका घरी रडारड अन् शेजारी टीव्हीवर नाच, असं नको म्हनून. जो पयली बातमी आनील त्यानं मेन वढायचा. नियम दाजींनीच घालून दिलाय.

दोन्ही खोकी इझली. योगेश हळूच म्हनला, "मेलं."

आक्का म्हनली, "व्हय ना, आत्ताच. चहा पिता पिता."

ती गेल्यावर गावाकडं जानारी वायर उपटली अन् गुपचूप मेन वर केला. योगेशचं खोकं उठलं. दाजींच्या खोक्यावर नुसती एक आडवी रेघ. रिमोट दाबा, बटनं दाबा, टपली मारा — रेघ.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

माती झाली. सोळा मानसं हुती, त्यातली चार लाकडं घिऊन आलेली. भिमाजी तात्या चाळीस वर्सं गावाशी भांडला. बांधावरनं, पान्यावरनं, कोंबडीवरनं. आमची वायर त्याच्या लिंबावरनं जाती म्हनून दोनदा कोयत्यानं तोडली. त्याला कुनी राम राम घालत नव्हतं, अन् घातला तर त्यो "कशाला?" इचारायचा.

योगेश खोकं घिऊन परत गेला, मालकाला कळंल म्हनून. पाचला बनुबाई दारात. ती पलीकडच्या आळीत ऱ्हाती, सातची मालिका तिनं एक दिस चुकवली न्हाई.

"झाली माती. लाव आता."

आता बगा, बाकीची खोकी चालू हायती. पन सासू-सुनांचं एकच च्यानल गेलं तर लोकं खोक्याकडं बोट दाखवत्यात. समदंच बंद आसंल तर कारन मी सांगीन ते. म्हनून म्हनलं, "दाजींनी सांगितलंय, आज दिसभर बंद. तात्यांसाठी."

"कोनासाठी?"

"भिमाजी तात्यांसाठी."

तिनं माझं कपाळ हात लावून बघितलं, ताप हाय का म्हनून.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय सांगायचं ते रातभर ठरवत हुतो. सकाळी खडूनं पाटीवर लिहिलं: 'कै. भिमाजी तात्या यांच्या निधनामुळे सावडणे होईपर्यंत केबल बंद. — मच्छिंद्र केबल'. 'कै.' म्हंजी काय ते मला नीट म्हाईत न्हाई, पन मेलेल्यांच्या पुढं असतं.

पाटीपुढं गर्दी. कचरू न्हावी म्हनला, "ह्यो आपलाच भिमाजी का दुसरा कुनी?"

अँटिना कुनाकडं उरला न्हाई. केबल आली तवा समद्यांनी उतरवून कोंबड्यांच्या खुराड्यांना लावला. त्यामुळं सरकारी बातम्या बी बंद.

एसटीडीवरनं योगेशला फोन केला. त्यानं मालकाला इचारलं, 'एका गिऱ्हाइकाचं खोकं' म्हनून. मालक म्हनला, लाईटची पिन काढायची, पुढची वरची-खालची दोन्ही बटनं दाबून धरायची, तशीच पिन घालायची. रेघ लुकलुकली तर खोकं अजून ऐकतंय. न्हाई लुकलुकली तर भंगारात.

सतरा डाव केलं. न्हाई लुकलुकली. उन्हात ठिवलं. फुकारलं. अंगठं दुखाय लागलं.

सरपंच सहादेवआन्ना येऊन पाटी वाचून गेला. मला वाटलं आता शिव्या. तर म्हनला, "मच्छिंद्रनं चांगला पायंडा पाडला. गावाचा मानूस शेवटी गावाचा." अन् जाताना खडू मागून पाटीवर खाली आपलं नाव टाकलं.

१७ फेब्रुवारी, बुधवार

लुकलुकली! बटनं मी लवकर सोडत हुतो. दातांनी पिन धरून घातली अन् दोन्ही अंगठं साठ मोजेस्तोवर दाबून ठिवलं. रेघ लुकलुकाय लागली. योगेशला फोन. त्यो उद्या येतो.

पन सावडणं आजच झालं. पाटीचा वायदा संपला. बनुबाई अन् चार बाया बाराला हजर. "त्यो सुटला, आमीच आडाकलो. लाव बाबा."

मी तोंड उघडनार, तेवढ्यात तात्याची बायको, छबूमावशी, आली. सावडून तशीच. डोळं सुजलेलं.

ती म्हनली, "ह्यांनी तुमची वायर तोडली हुती रं. दोनदा. तरी तुमी तीन दिस पाळलं." मग बायांकडं बघून म्हनली, "तुमी बी पाळलं गं. कुनी कुरकूर केली न्हाई."

बनुबाईनं नजर खाली घातली. म्हनली, "अगं असं कसं. आपलंच मानूस." अन् तिच्यासंगं घरी गेली, बसायला. बाकीच्या बी गेल्या. टीव्ही न्हाई, मग जानार कुठं.

दुपारी जेवलो न्हाई. आक्का म्हनली, "तात्याचं लई लागलं का रं तुला?" मी म्हनलं, व्हय.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

योगेश आला, खोकं घिऊन. आज वर कोथिंबीर. सोमवारची वायर मालकानं गिऱ्हाइकाला दिली, म्हनून त्यानं नवी बनवून आनली. लावली. दाजींचं खोकं लुकलुकतंय, त्याचं खोकं तयार, अन् आकडा शून्यावर. दहा मिनटं शून्य. पंधरा मिनटं शून्य.

योगेशनं वायर उलटीपालटी करून बघितली अन् कपाळ बडवलं. "दोघांची तोंडं एकमेकांना जोडली मी. दोघं बी बोलत्यात, ऐकत कोन न्हाई." मी म्हनलं, आमची ग्रामसभा झाली की. मग दोन तारा तोडून उलट जोडल्या, ह्याचं तोंड त्याच्या कानाला. डाग द्यायला सोल्डर संपलेला, नुसतं पिळून चिकटपट्टी मारली.

१. २. ३.

मी मेन स्विचखाली पाठ लावून बसलो, वर हातात काठी. आज कुनी बी मेलं तरी शंभर होईस्तोवर मेलं न्हाई. आक्का चहा घिऊन आली तर मी वरडलो, "तिथंच ठिव." ती चहा ठिवून माझ्याकडं बघत बघत गेली.

६०. ६१. ६२ ला योगेशनं डोळं मिटलं. ६३.

शंभर झालं तवा साडेअकरा वाजलं हुतं. खोकं आपोआप बंद पडलं, आपोआप चालू झालं, अन् म्हयन्याभरानं सिनेमाचं च्यानल रंगीत दिसलं. गाढव घातलं न्हाई. योगेश म्हनला घालतो, मी म्हनलं पाया पडतो, नको. मी असं म्हनलो ह्याची नोंद असावी.

योगेशला गाडीत बसवून आलो. आता केबल चालू करायची अन् समदं मिटलं. गावाची वायर जोडाय हातात घेतली, तर दारात सहादेवआन्ना, मागं ग्रामपंचायतीचं तीन मेंबर.

"कानिफ, ठरलंय. दहाव्यापर्यंत बंद. एकमतानं ठराव झाला. आपल्या गावानं जिल्ह्याला दाखवून द्यायचं."

"आन्ना, पन दाजी…"

"मच्छिंद्राचीच तर कल्पना."

खोकं जितं झालं तर गाव बंद. मेन वढला. माझ्याच हातानं वढला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

घोडेगावच्या बाजारात पोचली म्हनं बातमी. शेजारच्या गावाचा एक मानूस बैलाची दोरी हातात घिऊन मला इचारतो, "तुमच्याकडं कोन मोठा मानूस वारला? स्वातंत्र्यसैनिक व्हता का?"

मी म्हनलं, लई भांडला आयुष्यभर. कुनाशी ते सांगितलं न्हाई.

२० फेब्रुवारी, शनिवार

दाजी आलं. येशीपास्नं घरापर्यंत सात जनांनी हात जोडलं, त्यांना कळंना कशाला. पाटी वाचली.

"कोन भिमाजी? लिंबवाला? ज्यानं माझी वायर तोडली त्यो? अन् त्याच्यासाठी सहा दिस माझं च्यानल बंद?"

"दाजी, हळू."

"कुनी सांगितलं? अन् सांगितलं कुनी मीच सांगितलं म्हनून?"

मेनकडं निघालं. मी मधी. मला म्हनलं, "सुपा. उद्याच्या उद्या. पयली एसटी." हात मेनवर गेला, अन् पाठीमागं छबूमावशी. कधी आली कळलं न्हाई. उंबऱ्यातनं म्हनली, "मच्छिंद्र, पोटच्या लेकानं नसतं केलं एवढं तू केलंस."

दाजींचा हात तसाच वर. मग हळूच खाली आला, अन् त्याच हातानं त्यांनी मेनवरची धूळ पुसली.

"मावशी, त्यात काय. मुंबईला बातमी कळली अन् मला ऱ्हावलं न्हाई. लगेच फोन करून ह्याला सांगितलं, बंद ठिव म्हनून."

"व्हय का रं कानिफ?"

"व्हय मावशी. दोनदा फोन आला."

ती गेल्यावर दाजी कांद्याच्या खोलीत गेलं. मेन वर करून सिनेमाचं च्यानल लावून बघितलं. रंगीत. माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. सुप्याचं परत काढलं न्हाई.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आता मेलेल्यांची लाईन लागली. गहिनीनाथ सकाळीच आला, भांडायच्या तयारीनं. "माझा बाप गनपतीत वारला. त्याला किती? अडीच तास. माती झाली अन् तुमी पिच्चर लावला. अन् भिमाजीला दहा दिस? माझा बाप काय वाळलेली काटकी व्हता का?"

दाजी म्हनलं, "गहिनीनाथ, आता मागचं कसं भरून द्यायचं?"

"दहाव्यापर्यंतचं राहिलेलं धरून नऊ दिस बंद ठिवा. पुढल्या म्हयन्यात चालंल."

त्याच्यामागं आनखी दोघं. एकाची आज्जी, एकाचा चुलता. कचरू न्हावी मला बाजूला घिऊन म्हनला, "बापाला बरं न्हाई माझ्या. दहा नको, सात धरा. पन पाटी मोठी लिव्हा, अन् ते पुढचं अक्षर टाका."

दाजी रातच्याला आक्काला म्हनताना ऐकलं, "ह्या हिशेबानं केबल म्हयन्यातनं चार दिस चालंल." मला बघून म्हनलं, "तू भाड्या, तू बोलू नको." मी बोललोच नव्हतो.

२४ फेब्रुवारी, बुधवार

तात्याचा दहावा. नदीवर एवढी मानसं की ओढ्यापलीकडं चपला. टीव्ही दहा दिस बंद, लोकांना बघायला कायतरी पायजे. मातीला सोळा, आज चारशे तरी. छबूमावशी बघतच ऱ्हायली, मान वळवून वळवून.

पिंड ठिवला. कावळा यीना. लांब बाभळीवर सात बसलेलं, एक हलंना.

तात्याचा भाऊ म्हनला, "बांधाचा वाद मिटवतो." न्हाई. पोरगा म्हनला, "आईला बघतो." न्हाई. बनुबाई माझ्या कानात म्हनली, "मेल्यावर बी आडमुठा." बारा वाजत आलं, उन्हानं डोकी तापली, मानसं कावळ्यांना त्यांच्याच भाषेत, काव काव करत, बोलवाय लागली.

मग सहादेवआन्ना पुढं झाला, टोपी सारखी केली, म्हनला, "तात्या, गावाच्या वतीनं शब्द देतो. दरसाली ह्या तारखेला तुमच्या नावानं केबल बंद."

कावळा आला. सरळ येऊन शिवला.

चारशे मानसं एकदम दाजींकडं वळली. दाजींनी हात जोडलं. त्यांच्या डोळ्यांत पानी हुतं. लोकं म्हनली, बघा किती जीव हुता.

सात वाजता गावाची वायर जोडली अन् मेन वर केला. बनुबाईची मालिका लागली. दहा दिसांत तिची सून पळून गेली हुती — मालिकेतली — अन् का गेली ते गावात कुनालाच म्हाईत न्हाई.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

छबूमावशीनं घरी बोलावलं. चहा दिला. म्हनली, "त्या मंगळवारी नातवंडं रडत हुती. मीच तुला सांगाय आलते, की बाबा, लाव टीव्ही, ह्या मानसासाठी काय बंद ठिवतोस. खिडकीतनं बघितलं तर तू त्या खोक्याच्या पाया पडत हुतास. 'उठ, न्हाईतर दाजी मारतील' म्हनत."

हे मी वहीत लिहिलं नव्हतं. लाजंनं.

म्हनलं, "मावशी, मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? चाळीस वर्सं माझ्या दारात कुनी आलं न्हाई रं. ह्यांच्या तोंडामुळं. बुधवारी बनुबाई आली, मग समद्या आल्या, रोज आल्या. टीव्ही नव्हता म्हनून आल्या, मला कळत न्हाई का? पन परवा टीव्ही चालू झाला, तरी काल बनुबाई आली." मग माझा हात धरला. "कुनाला सांगू नको. दाजीला बी न्हाई."

ही वही कुनाच्या हातात पडली आसंल तर पाया पडतो, कुनाला सांगू नका. माझं राहू द्या, मला सुप्याला पाठवा. पन ह्यातलं एक अक्षर बी त्या म्हातारीच्या दारात येनाऱ्या बायांपर्यंत जाऊ देऊ नका.